शेवटची पेटी दोघांना

रत्नागिरी
अक्षय्य तृतीयेनंतरचा रविवार

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझं आंब्याच्या पेट्या विकायचं ॲप पाहिलं. दोन संध्याकाळी बसून, एआयला मराठीत सांगून सांगून केलंस आणि दिसतंयही झकास. गिऱ्हाईक पत्ता टाकतं, किती डझनाची पेटी ते निवडतं, पैसे भरतं, बाबांच्या फोनवर मेसेज येतो. आमच्या वेळी एवढ्याला दोन महिने लागले असते. म्हणून ‘मावशी, आता कोडिंग शिकायची गरज आहे का?’ हा तुझा प्रश्न मला मुळीच आगाऊ वाटला नाही.

तसा तो जुनाच. १९५९ साली कोबोल ही भाषा बांधायला घेतली, तेव्हाही म्हणणं हेच होतं की इंग्रजीसारखी वाक्यं असली की ऑफिसातल्या साहेबालाही प्रोग्राम वाचता येईल. १९७९ मध्ये व्हिसिकॅल्क हे स्प्रेडशीट आलं आणि हिशेबनीस प्रोग्रामरला न विचारता आपली आकडेमोड आपण मांडू लागले. ती सोय खरी होती. आज पावसचे किती बागायतदार एक्सेलवर उधारी ठेवतात, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तेव्हा हा हंगाम तुझं ॲपच चालू दे. ऐन मे महिन्यात खळ्यातल्या पेट्या भरायच्या सोडून पायथनसारखी कोडिंगची भाषा उघडून बसलीस, तर तुझी आई मला घरात घ्यायची नाही.

पण मी काल रात्री एक उद्योग केला. शिल्लक एकच पेटी दिसत होती. माझ्या आणि भाच्याच्या फोनवरून एकदमच ऑर्डर टाकली. दोघांनाही ‘ऑर्डर नक्की झाली’ असा मेसेज, दोघांचेही पैसे कापले गेले, आणि शिल्लक शून्य. उणे एक नाही हं, शून्य! म्हणजे संध्याकाळी यादी बघणाऱ्या तुझ्या बाबांना काही चुकलंय असं वाटायचं कारणच नाही.

झालं काय, की तुझं ॲप आधी शिल्लक वाचतं, मग ऑर्डर घेतं, मग वाचलेल्या आकड्यातून एक वजा करून लिहितं. वाचणं आणि लिहिणं यांच्या मधल्या फटीत दुसरा शिरला. त्यानेही ‘एक’च वाचलं आणि त्यानेही ‘शून्य’च लिहिलं. डेटाबेसवाल्यांकडे, म्हणजे माहितीचा साठा सांभाळणाऱ्यांकडे, यावर जुना इलाज आहे, ट्रान्झॅक्शन आणि त्याच्या जोडीला कुलूप (लॉक). ही सगळी कामं एका गाठोड्यात बांधायची, झाली तर सगळी नाहीतर एकही नाही, आणि ती चालू असेतो शिल्लकेच्या नोंदीला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही. एआयला हे येत नाही असं नाही. सांगितलं असतंस तर चहा होईपर्यंत करून दिलं असतं. पण सांगायचं तुला सुचलं नाही, कारण अशी फट असते हेच तुला ठाऊक नव्हतं.

हापूसच्या साक्यासारखं आहे हे. वरून पिवळाधमक, देठाशी वास फर्मास, आणि सुरी लावली की आत साका, म्हणजे पांढरट, स्पंजासारखा बिघडलेला गर. म्हणून तर आपण अढीतला एखादा कापून बघतो. तुझ्या ॲपमधला आंबा कुठे कापायचा, एवढं कळण्यापुरतं कोडिंग तुला यायला हवं, असं माझं मत आहे. अख्खं ॲप हाताने लिहिता येण्याचा हट्ट मी धरणार नाही. (पुण्यात प्रोग्रामर म्हणून नोकरीच धरायची असेल तर गोष्ट वेगळी, मग पाया खणावाच लागेल, त्यात सूट नाही.)

माझीच फजिती सांगते. १९९६ साली एका पतसंस्थेसाठी मी फॉक्सप्रो या डेटाबेसच्या भाषेत ठेवींचा प्रोग्राम लिहिला. एका आजोबांनी पाच वर्षांची ठेव ठेवली, मुदत २००१. वर्षाचे दोनच आकडे मी घेत होते. ०१ म्हटल्यावर फॉक्सप्रोने धरलं १९०१. संध्याकाळच्या यादीत आजोबांची ठेव पंचाण्णव वर्षांपूर्वीच मुदत संपलेली, आणि व्याज उणे! कॅशियर हसून हसून बेजार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण कुठे बघायचं ते माहीत होतं. ‘सेट सेंच्युरी ऑन’, म्हणजे वर्ष चारही आकड्यांनी घे, ही एक ओळ घातली आणि तोवर भरलेल्या तारखा रात्रभर बसून हाताने सुधारल्या.

माझी चूक निदान दिसली तरी. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोरोनाचे जवळपास १६ हजार रुग्ण सरकारी मोजणीतून काही दिवस गळले. माहिती जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलमध्ये ओतली जात होती, आणि तिच्यात ६५,५३६ च्या वर ओळी मावतच नाहीत. उरलेल्या मुकाट्याने बाहेर राहिल्या.

तर पावसाळ्यात बस. पहिलं शीक एसक्यूएल, डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा. १९७४ पासूनची भाषा, अजून मोडीत निघालेली नाही. तुझ्या ॲपच्या पोटातही पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे, त्याची भाषा तीच. धडे नकोत, आपलाच डेटा घे: एप्रिलात ठाण्याला किती पेट्या गेल्या, पैसे कोणाकडे अडकलेत, एकच फोन नंबर दोन नावांनी किती ठिकाणी आहे. पायथन त्यानंतर, तेही एआयने लिहिलेलं वाचता येईल इतपत. त्याला ‘समजावून सांग’ म्हण, पण त्याच्या शब्दावर जाऊ नकोस. एखादी ओळ बदल, काय मोडतं ते बघ. आणि ग्राहकांची यादी दर आठवड्याला सीएसव्हीत, म्हणजे एक्सेलमध्येही उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये, उतरवून घरी ठेव. ॲप बांधायचं गूगलचं साधन, ॲप मेकर, जानेवारी २०२१ मध्ये बंद झालं, त्यावर बांधलेली ॲप्सही त्याच्याबरोबर गेली.

एक गोष्ट मात्र पावसावर ढकलू नकोस. माझ्या पावतीच्या लिंकमध्ये शेवटी ४१ हा आकडा होता. मी ४० केला, तर दादरच्या कुणा बाईंचं नाव, पत्ता, फोन सगळं समोर. लॉगिन विचारलंच नाही. आज रात्रीच एआयला सांग की पावती ज्याची त्यालाच दिसली पाहिजे, आणि मग दुसऱ्या फोनवरून आकडा बदलून स्वतः बघ. तो ‘झालं’ म्हणेल, तरीही बघ.

पुढच्या रविवारी ये. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून आण, आमच्याकडे दुपारची लाईट जाते. आणि ती जी एक पेटी आम्हा दोघांना विकलीस, ती भाच्याला दे. मला पायरी चालेल.

तुझी,
मावशी