दऱ्यांचा दर्या होऊ नये म्हणून : संगणकविषयक प्रश्नोत्तरे

प्रश्न : माझ्या सासऱ्यांनी पन्हाळा, विशाळगड आणि गगनबावडा या भागात केलेल्या पायी भटकंतीचे वर्णन २००३ साली डीटीपी करणाऱ्या एका गृहस्थांकडून टंकलिखित करून घेतले होते. सुमारे १४० पानांची ती वर्ड फाइल सीडीवर आहे. नव्या संगणकावर ती उघडते, परंतु मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि निरर्थक चिन्हे दिसतात. फाइल बिघडली आहे का? (एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या वर्णनावरून फाइल बिघडलेली वाटत नाही. युनिकोड (प्रत्येक लिपीतील अक्षरांना ठरावीक संकेतांक देणारी पद्धत) रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती, कृतिदेव किंवा सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम या टंकलेखन प्रणालीबरोबर येणारे सुरेख यांसारखे फाँट वापरले जात. त्यांत संगणकाच्या लेखी साठवली जात ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांचीच संकेतांक-मालिका. फाँट तेवढा त्या संकेतांकांच्या जागी देवनागरी आकार दाखवत असे. आपल्या नव्या संगणकावर तो फाँट नसल्यामुळे आतला मूळ संकेत उघडा पडला आहे.

सर्वप्रथम सीडीवरील सर्व फायली संगणकावर उतरवून घ्याव्यात आणि त्यांची आणखी एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत वीस वर्षे पडून राहिलेल्या सीडीवर विसंबणे मला धोक्याचे वाटते. त्यानंतर फाइलमधील चार ओळी निवडून वर्डमधील फाँटच्या चौकटीत कोणते नाव दिसते ते पाहावे. संगणकावर नसलेल्या फाँटचेही नाव तेथे बहुधा कायम राहते. नाव कळले म्हणजे निम्मे काम झाले, कारण प्रत्येक फाँटची संकेतमांडणी वेगळी असते आणि एकासाठी केलेला परिवर्तक (जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम) दुसऱ्यावर चालवला तर पहिल्यापेक्षा मोठा गोंधळ होतो. अहवाल आणि लग्नपत्रिका छापणाऱ्या जुन्या छपाईवाल्यांच्या संगणकावर हे फाँट अजूनही सापडतात. तेथे फाइल उघडून तिची एक पीडीएफ करून घेतली, तर पुढे ताडून पाहण्यासाठी मूळ पान हाताशी राहील. मात्र त्या पीडीएफमधून मजकूर उचलून चिकटवल्यास बहुधा तीच निरर्थक अक्षरे येतील.

आता खरा किचकट भाग. जुन्या फाँटमध्ये अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, तर युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. ‘किल्ला’ लिहिताना जुन्या पद्धतीत आधी पहिली वेलांटी आणि मग ‘क’ येत असे. युनिकोडमध्ये आधी ‘क’ असावा लागतो. ‘मार्ग’ या शब्दातला रफार जुन्या फाइलमध्ये ‘ग’नंतर असतो, युनिकोडमध्ये तो ‘ग’च्या आधी जातो. चांगला परिवर्तक ही उलथापालथ स्वतः करतो, सामान्य परिवर्तक येथेच अडखळतो. मराठीची आणखी एक अडचण हिंदीसाठी केलेल्या साधनांना ठाऊकच नसते. ‘दऱ्या’ या शब्दातला अर्धा र आणि ‘दर्या’मधला रफार वेगळे आहेत, आणि पहिल्यासाठी युनिकोडमध्ये सहसा नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरावा लागतो. आपल्या फाइलमध्ये पन्हाळ्याभोवतालच्या दऱ्याखोऱ्या पानोपानी असणार, म्हणून सगळ्या दऱ्यांचा समुद्र झालेला नाही ना, हे आवर्जून पाहावे. शुद्धलेखन तपासनिसाला ही चूक दिसत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत.

मजकुरात मधूनच इंग्रजी शब्द असतील तर संपूर्ण फाइल एकदम परिवर्तकात घालू नये, कारण तो इंग्रजी शब्दांनाही मराठी समजून त्यांचे भलतेच काही करील. आधी दोन पानांवर प्रयोग करावा आणि मूळ फाइल, पूर्ण वाचन होईपर्यंत, जशीच्या तशी ठेवावी. फाँटचे नावच मिळाले नाही आणि छापील पाने घरात असतील, तर ती स्कॅन करून गूगल ड्राइव्हच्या किंवा टेसरॅक्ट या प्रोग्रॅमच्या मराठी अक्षरओळखीतून (चित्रातील अक्षरे ओळखून मजकूर देणारी सोय) काढणे हा मार्ग उरतो. सीडीवर पेजमेकर या पाने मांडण्याच्या जुन्या प्रोग्रॅमची फाइलही निघाली, तर लिबरऑफिस ड्रॉमध्ये ती उघडून पाहावी. अॅडोबच्या इनडिझाइनची सीएस६ ही २०१२ सालची आवृत्ती पेजमेकरच्या फायली उघडणारी शेवटची होती.

प्रश्न : सकाळी संगणक सुरू केला की तारीख काही वर्षे मागे गेलेली असते आणि बँकेचे संकेतस्थळ असुरक्षित असल्याचा इशारा येतो. रात्री मी भिंतीवरचे बटण बंद करतो. (एक वाचक, कसबा बावडा)

उत्तर : मदरबोर्डवरची (संगणकातील मुख्य सर्किटच्या पाटीवरची) नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. बटण चालू असेपर्यंत घड्याळाला विजेचा आधार मिळतो, म्हणून दोष केवळ सकाळी दिसतो. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला आरंभाची आणि अखेरची तारीख असते. आपला संगणक आरंभाच्याही आधीच्या काळात वावरत असल्याने ते प्रमाणपत्र त्याला अवैध वाटते. तारीख दुरुस्त होईपर्यंत इशारा डावलून बँकेचा व्यवहार कृपया करू नये. बॅटरी बहुधा ‘सीआर २०३२’ या क्रमांकाची, ३ व्होल्टची असते. त्यातील २० हा मिलिमीटरमधील व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. ती बदलण्यापूर्वी बायोसमधील (संगणक सुरू होताना प्रथम चालणाऱ्या प्रोग्रॅममधील) मांडणीचे फोनवर छायाचित्र घेऊन ठेवावे आणि मग वायर काढावी, कारण बॅटरी काढल्यावर ती मांडणी मूळपदावर जाऊ शकते.

प्रश्न : पावसाळ्यात महिनाभर बंद असलेला संगणक सुरू केल्यावर पंखा फिरतो, बीप वाजत राहते, पडदा मात्र काळाच. (एक वाचक, शाहूपुरी)

उत्तर : बहुधा रॅमची (संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीची) पट्टी नीट बसलेली नाही. वायर काढून ती बाहेर घ्यावी, सोनेरी संपर्कपट्ट्या स्वच्छ खोडरबराने हलकेच पुसाव्यात, रबराचा चुरा खाचेत पडू देऊ नये आणि दोन्ही टोकांच्या कड्या टक्कन बसेपर्यंत ती दाबावी. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून पाहावी.