कार्यकर्ती म्हणून मुलीच्या दारात जाण्यापूर्वी

गोवंडी किंवा मानखुर्दच्या वस्तीत सोळा-सतरा वर्षांच्या आईला भेटायला जाल, तेव्हा पहिल्याच भेटीत शाळेचा विषय काढू नका. आधी तिचे बाळंतपण कसे झाले, ती पोटभर जेवते का, रात्री बाळाला कोण घेते, हे विचारा. मुलगी अठरा वर्षांखालील असेल, तर २०१२च्या पॉक्सो (बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या) कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ही गोष्ट तिच्यापासून लपवू नका आणि बालकांच्या संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीसमोर जाताना तिला एकटीला सोडू नका.

दहावीसाठी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते, किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून एकेक विषय सोडवता येतो. तान्ह्या बाळाच्या आईला मला दुसरा मार्ग अधिक सोयीचा वाटतो. शाळा सोडल्याचा दाखला मात्र लगेच मागवा, कारण बहुतेक वेळा घोडे तिथेच अडते.

खरी अडचण अभ्यासासाठी लागणाऱ्या दुपारच्या दोन तासांची असते. अंगणवाडीतील पूर्वप्राथमिक वर्ग तीन वर्षांपुढील मुलांसाठी असतो; म्हणून तान्ह्याला सांभाळायला सासू, आई किंवा शेजारची मावशी तयार होईपर्यंत पुस्तके पिशवीतच राहतात. त्या बाईशी मुलीइतकाच वेळ बोला, तिच्या कष्टांची दखल घ्या आणि अभ्यासाची वेळ तिच्याच सोयीने ठरवा. शिवणकाम वा अन्य कामातून मुलीला पैसे मिळू लागले, की ते तिच्या स्वतःच्या नावाच्या बँक खात्यातच जमा होतील, याची खातरजमा करा.