‘घरी आले तरी झोपत नाहीत’: टँकर चालकाच्या घरातला हिवाळा

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, कागल, हातकणंगले भागातून आमच्या समुपदेशन केंद्रात एक प्रश्न हमखास येतो. विचारणारी बहुतेक वेळा चालकाची बायको असते. या वेळी करवीर तालुक्यातल्या एक ताई आल्या. नवरा 41 वर्षांचा, स्टेअरिंगवर अठरा वर्षं, अलीकडची काही वर्षं साखर कारखान्यांत तयार होणाऱ्या इथेनॉलच्या टँकरवर. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्यांचं म्हणणं असं: “ह्यांचं डोकं फिरलंय का काय ओ? चार दिवसांनी घरी येत्यात आन् झोपायचं सोडून नुसतं छताकडं बघत पडत्यात. पोरानं ताट आपटलं तरी अंगावर जात्यात. परवा म्हणाले, खंबाटकीचा बोगदा कधी पार केला आठवतच न्हाई, शिरवळात आल्यावर शुद्धीवर आलो. गाडी सोडायला लावू काय?”

डोकं फिरलेलं नाही आणि गाडी सोडण्याचा निर्णय आज घ्यायचा नाही, हे त्यांना आधी सांगितलं. पण बोगद्याची गोष्ट गंभीर आहे. ती ‘तंद्री’ म्हणून सोडून देता येत नाही.

पहिल्या भेटीत सल्ल्याऐवजी काम दिलं. घरातल्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पुढच्या दोन फेऱ्यांची नोंद ठेवायची: उठले किती वाजता, फॅक्टरीच्या गेटवर नंबर कधी लावला, टँकर भरून कधी निघाले, डोळे मिटून आडवे कधी झाले. नवऱ्यानं थांबल्यावर फोनवर सांगायचं आणि ताईंनी लिहायचं.

कागद आला तेव्हा बरंच काही उलगडलं. सकाळी सहाला उठले. दुपारी तीनला गेटवर नंबर. रांग अर्ध्या-पाऊण तासाला एक गाडी पुढे सरकते, त्यामुळे सीट सोडता येत नाही. नमुना तपासणी, डिप (टाकीत पट्टी बुडवून मालाची उंची मोजणं), सील, कागद होऊन रात्री साडेअकराला गाडी बाहेर. पहाटे चारला खंबाटकी. म्हणजे बोगद्यात शिरताना माणूस सलग बावीस तास जागा होता. मालकाच्या वहीत मात्र दुपारी तीन ते रात्री साडेअकरा हा वेळ ‘गाडी उभी’ असा लिहिलेला असतो. उभ्या गाडीत बसलेल्या माणसाला विश्रांती मिळाली असं सगळे धरून चालतात. चालक स्वतःही तसंच धरतो, म्हणून मग “काम तर काहीच केलं नाही, तरी डोळे का मिटतात” असं म्हणून स्वतःलाच दोष देतो.

सलग 17 तास जागा असलेला माणूस, रक्तात दर 100 मिलिलिटरमागे 50 मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतपत चुकतो, असं झोपेच्या अभ्यासात दिसून आलं आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा 30 मिलिग्रॅम आहे. थेंबही न पिता हा चालक त्या मर्यादेच्या पुढे होता. अशा वेळी मेंदू तीन-चार सेकंद बंद पडतो. डोळे उघडे असू शकतात, पाय ॲक्सिलरेटरवर तसाच राहतो. ताशी 60 च्या वेगानं चार सेकंदांत गाडी सुमारे 67 मीटर जाते. बोगद्याच्या पुढे वळणाचा उतार, मागे तीस हजार लिटर. कप्पा अर्धवट भरलेला असेल तर ब्रेक मारल्यावर द्रव पुढे धडकतो आणि गाडीला ढकलतो, हे वेगळंच.

हे थंडीतच का वाढतं? हंगामामुळे फेऱ्या सलग लागतात, हे झालंच. त्यावर थंडी आपली भर घालते. काचा वर, इंजिनाची ऊब पायाशी, चालक आणि क्लिनर दोघांच्या श्वासानं कोंदलेली केबिन. पहाटे दोन ते पाच या वेळेत शरीराची जाग तशीही सगळ्यात खाली असते. सर्दी झाली की मेडिकलमधून घेतलेली गोळी किंवा खोकल्याचं औषध. सेटिरिझिन, क्लोरफेनिरामाइन असली औषधं झोप आणतात आणि रात्री घेतलेल्या गोळीची गुंगी दुसऱ्या दिवशीही राहू शकते. या चालकाच्या खिशात अशीच पट्टी होती. दुकानदाराला “मी गाडी चालवतो” एवढं एक वाक्य सांगितलं तरी तो बहुतेकदा दुसरं औषध सुचवतो. वाहत्या नाकापेक्षा डुलकी जास्त धोक्याची.

शिवाय कागल ते कराड पट्ट्यात रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं झाकलेला. त्यात पंचगंगेच्या काठानं पहाटेचं धुकं. डोळे तासन्‌तास ताणलेले राहतात आणि तो ताण ओसरला की झापड येते. आपल्या शिरोली नाक्यावरून जाणारा 48 नंबरचाच महामार्ग पुढे सुरत, अहमदाबाद, उदयपूर, जयपूर करत दिल्लीला जातो. डिसेंबर-जानेवारीत त्याच्या उत्तरेकडच्या टोकाला दाट धुक्यानं गाड्या रात्रभर अडकतात. तिकडे गेलेले तास भरून काढायला चालक परतीची झोप कापतो. या घरात तेच होत होतं.

दुसऱ्या भेटीला नवरा स्वतः आला. आल्या आल्या म्हणाला, “मन घट्ट कसं करायचं तेवढं सांगा.” झोपेपुढे मन घट्ट करून काही उपयोग होत नाही. तोंडावर पाणी, काच खाली करणं, मोठ्यानं गाणी, मिरची, मावा यांनी पाच-दहा मिनिटं सुधारल्यासारखं वाटतं आणि त्या विश्वासावर माणूस पुढचे पन्नास किलोमीटर काढतो. त्याला सांगितलं ते असं: जांभया लागोपाठ यायला लागल्या, मागचा फलक आठवेना किंवा गाडी पट्टी सोडायला लागली, की पुढची सुरक्षित जागा हाच मुक्काम. एक कप कडक चहा किंवा कॉफी प्यायची आणि लगेच वीस मिनिटांचा गजर लावून आडवं व्हायचं. चहा-कॉफीचा असर व्हायला साधारण अर्धा तास लागतो, तोपर्यंत डुलकी पूर्ण होते. उठल्यावर लगेच गिअर टाकायचा नाही. खाली उतरून टायर, व्हॉल्व्ह बॉक्स, सील बघत गाडीभोवती दोन फेऱ्या मारायच्या, तेवढ्यात डोकं जागेवर येतं. पण ही तात्पुरती सोय आहे. एका डुलकीवर दीड-दोन तास निघतात, रात्र निघत नाही. आणि हीच चहा-कॉफी मुक्कामाच्या झोपेआधी पाच-सहा तासांत घेतली तर ती झोप बिघडवते.

केबिनमध्ये झोपण्याबद्दल त्याला एक गोष्ट फार आग्रहानं सांगितली. थंडी वाजते म्हणून घमेल्यात निखारे किंवा शेगडी आत घेऊन काचा लावायच्या नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस उठत नाही. एक्झॉस्ट गळका असेल तर इंजिन चालू ठेवून झोपण्यातही तोच धोका. इथेनॉलच्या गाडीवर तर कुठलीच आग नको. थंडीच्या दिवसातही त्याची वाफ पेट घेते, हवेपेक्षा जड असल्यानं खाली साचते आणि जमिनीलगत पसरते. त्यापेक्षा कानटोपी, दोन जोड मोजे, खाली जाड सतरंजी, वर दोन घोंगडी आणि दोन्ही काचा बोटभर खाली. कडेच्या पट्टीवर गाडी लावून झोपू नये. पंपाच्या किंवा मोठ्या ढाब्याच्या आवारात, चुलीपासून लांब लावायची, हँडब्रेक आणि चाकाला लाकडी ठोकळा.

एवढं बोलून झालं तरी घरात झोप का येत नाही हे सुटलं नव्हतं. थकलेला माणूस आडवा होतो आणि जागा राहतो, तेव्हा पोटात काहीतरी असतं. बराच वेळ गेल्यावर त्यानं सांगितलं. दोन फेऱ्यांत माल उतरवायच्या डेपोवर मोजल्यावर तो कमी निघाला होता. एकदा तीनशेच्या वर लिटर. मालकानं पगारातून कापायचं म्हटलं आणि चारचौघांत विचारलं, “वाटेत कुठं उघडलीस?” सील शाबूत होतं. अठरा वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. हे त्यानं बायकोला सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं राग आपल्यावर आहे.

इथं समुपदेशनाचा अर्धा भाग गणिताचा झाला. इथेनॉल थंडीत चांगलंच आकसतं: दर अंशाला हजार लिटरमागे साधारण 1.1 लिटर. दुपारी इकडे 28 अंशांवर 30,000 लिटर भरलं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहाटे राजस्थानात ते 18 अंशांवर आलं, तर 10 गुणिले 33, म्हणजे सुमारे 330 लिटर कमी दिसणार. एक थेंब न सांडता. उन्हाळ्यात हा फरक जाणवत नाही, म्हणून ‘थंडीतच कमी येतं’ हा संशय चालकावर बसतो. डिपच्या वेळी दोन्ही ठिकाणचं तापमान आणि घनता लिहिलेली असेल तर दोन्ही आकडे एकाच प्रमाण तापमानाला आणून तुलना करता येते. म्हणून त्यानं पुढच्या फेरीपासून भरताना तापमान, घनता, डिपची उंची आणि सील नंबर कागदावर मागून घ्यायचे, मोबाइलवर फोटो काढायचा, गाडी सपाट जागेवर असतानाच डिप घ्यायला लावायची, द्रव हिंदकळायचा थांबल्यावर. शक्य तिथं दोन्ही टोकांना वजनकाट्याची पावती. तापमानानं आकार बदलतो, वजन बदलत नाही. मात्र गाडीतलं डिझेल वजा करायला विसरू नये. दीड हजार किलोमीटरला चारशे लिटरच्या आसपास डिझेल जळतं, म्हणजे तीन-साडेतीनशे किलो. ते धरलं नाही तर याच कागदावर माणूस पुन्हा चोर ठरेल.

आणि घरी काय करायचं? ताईंचा भाग इथं मोठा आहे. काळजीपोटी त्या रात्री दोन-तीन वाजता “कुठं पोचला?” म्हणून फोन करायच्या. चालत्या गाडीत तो उचलला जायचा. आता ठरलं की फोन फक्त तो करेल, गाडी थांबल्यावर; उशीर झाला तर दोन तास वाट बघायची आणि मगच क्लिनरला फोन. घरी आल्यावर पहिली झोप होईपर्यंत हप्ता, शाळेची फी, भावकीचा वाद यातलं काही काढायचं नाही. आतली खोली, खिडकीला जाड चादर, त्याचा मोबाइल ताईंकडे. दिवसा आला तर आधी दीड तास किंवा मग सरळ पाच-सहा तास झोपू द्यायचं. मध्येच जेवायला उठवलं की चिडचिड होणारच. झोप यावी म्हणून दोन पेग घेण्याची सवय लागू पाहत होती. दारूनं डोळा लवकर लागतो आणि उत्तररात्री झोप तुटते, म्हणून ती वाट बंद करायला सांगितली. वाटेत ‘जागं राहायला’ कुणी पुडी दिली तर तीही नको, ते व्यसन घर बुडवतं.

ताईंनी जाता जाता सांगितलं की ते जोरात घोरतात, मध्येच श्वास अडकल्यासारखं होऊन दचकून उठतात. ही गोष्ट आधीच विचारायला हवी असते, कारण पुष्कळ चालकांचं दुखणं इथंच असतं. मानेचा घेर 43 सेंटिमीटर निघाला, रक्तदाबही वाढलेला. झोपेत श्वास अडतो की नाही हे तपासायला त्याला कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातल्या कान-नाक-घसा विभागाकडे जायला सांगितलं. हा त्रास असेल तर आठ तास झोपूनही माणूस पेंगतो, आणि त्यावर उपचार आहेत.

मालकाशी बोलायचं कसं, याचा सराव केंद्रातच केला. “मला झेपत नाही” अशी सुरुवात केली की समोरचा दुसरा चालक शोधतो. त्याऐवजी नोंदीचा कागद पुढे ठेवायचा: “साहेब, गेटवर आठ तास सीटवर बसल्यावर रातोरात निघणं धोक्याचं आहे. रांगेत क्लिनर गाडीत थांबेल, लायसनवाला दुसरा माणूस गाडी सरकवेल, मी चार तास आडवा होतो. नाहीतर पहाटे पाचला निघतो.” 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं लांब पल्ल्यासाठीही दिवसाला 10 तास, आठवड्याला 54 तास आणि सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती अशी मर्यादा आखली होती, हेही माहीत असावं. ते भांडायला वापरू नये, बोलणं अडलं तरच काढावं.

मालकानं पहाटे निघायला होकार दिला, रांगेतल्या दुसऱ्या माणसाला नाही. कापलेल्या पैशांपैकी एका फेरीचे परत मिळाले. दुसऱ्या फेरीच्या कागदावर तापमानच लिहिलेलं नव्हतं, ते गेले. झोपेची तपासणी अजून व्हायची आहे. घरात सलग झोप लागायला तीनेक आठवडे लागले, आणि आता मुलावर हात उचलला जात नाही, असं ताई सांगतात.

असंच चित्र तुमच्या घरात असेल तर कॅलेंडरच्या नोंदीपासून सुरुवात करा. मात्र तो माणूस जेवण टाळतोय, रडतोय, “मी नसलेलाच बरा” असं बोलतोय किंवा अपघात डोळ्यांपुढे सारखा येतो म्हणतोय, तर नोंदीसाठी थांबू नका. 14416 या टेली मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या) क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं. चालकानं गाडी उभी करून तिथूनही फोन लावला तरी चालतो.