जुनी मोटारसायकल: दुरुस्तीचा हिशेब वेगळा, हौसेचा वेगळा

प्रश्न: माझी मोटारसायकल १२ वर्षांची असून ६१,००० किलोमीटर चालली आहे. कामावर जाण्या-येण्यासाठी रोज ३६ किलोमीटर आणि वर्षातून दोन लांबचे प्रवास असा तिचा सध्याचा वापर आहे. सकाळी सुरू करताना निळसर धूर येतो, त्यामुळे मेकॅनिक इंजिन खोलायला सांगतो आहे. गाडी उघडलीच आहे तर सामानाच्या पेट्या, जादा दिवे, गरम होणाऱ्या ग्रिप, नवा सायलेन्सर, सीट, उंच हँडल आणि पुढची काच हेही करून घ्यावे, असे मनात आहे. घरच्यांचे म्हणणे, एवढ्यात नव्या गाडीची निम्मी किंमत निघेल. बचत मोडून हे काम करावे, की जुनी विकून कर्जावर नवी घ्यावी?

उत्तर: आपण सोबत पाठवलेली खर्चाची यादी मी दोनदा वाचली. रकमा छापू नयेत अशी आपली विनंती असल्यामुळे, आपल्या मनात असलेल्या नव्या गाडीची एकूण किंमत १०० भाग धरून बाकीचे सर्व आकडे त्याच मापात मांडतो. त्या मापाने आपली जुनी गाडी आज २० भागांना विकली जाईल. दुरुस्तीचा खर्च २७ भाग आहे: इंजिन १२, टायर-चेन-ब्रेक मिळून ९, पुढचे फोर्क आणि मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर ६. बदलांचा खर्च २२ भाग आहे: पेट्या आणि त्यांचे स्टँड ७, सीट २, हँडल आणि काच ३, दिवे आणि ग्रिप ४, सायलेन्सर ६. एकूण ४९. म्हणजे घरच्यांचा अंदाज बरोबर आहे. मात्र त्यातून ते काढत असलेला निष्कर्ष मला पटत नाही, आणि आपलाही पटत नाही.

आपल्या यादीतली अडचण बेरजेत नसून, दोन वेगळ्या स्वभावाचे खर्च एकाखाली एक लिहिण्यात आहे. दुरुस्तीचा पैसा गाडीचे वापरण्याजोगे दिवस वाढवतो. तो किती दिवस वाढवतो हे विचारता येते आणि त्याचे उत्तर किलोमीटरमध्ये मिळते. बदलांचा पैसा हा हौसेचा पैसा आहे. हौस करू नये असे मी कोणाला सांगत नाही, परंतु ती ‘गाडी उघडलीच आहे’ या सबबीखाली दुरुस्तीच्या बिलात शिरली, की तिचे मोल कोणी विचारत नाही.

‘दुरुस्ती गाडीच्या किमतीपेक्षा महाग पडली तर गाडी विकावी’ हा नियम आपण ऐकला असेल. २० भागांच्या गाडीवर २७ भाग घालणे त्या नियमाप्रमाणे वेडेपणा ठरते. परंतु आपण ही गाडी विकून दुसरी २० भागांचीच गाडी घेणार नाही आहात, १०० भागांची घेणार आहात. म्हणून तुलना गाडीच्या बाजारभावाशी न करता, पुढच्या तीन वर्षांत दोन्ही वाटांनी खिशातून नक्की किती जाईल याच्याशी करावी लागते. आपला वापर वर्षाला साधारण १४,००० किलोमीटर होतो, म्हणजे तीन वर्षांत ४२,०००.

नव्या गाडीपासून सुरुवात करू. जुनीचे २० भाग सुरुवातीला भरून उरलेल्या ८० भागांचे कर्ज, १० टक्के दराने आणि ३६ हप्त्यांत, घेतले तर महिन्याचा हप्ता २.५८ भाग येतो आणि कर्जापोटी एकूण ९२.९ भाग भरले जातात. जादा विम्याचे ३, नियमित सर्व्हिसिंगचे ६ आणि मधल्या काळातील टायर-चेनचे ६ भाग धरले आणि तीन वर्षांनी गाडी ५५ भागांना विकली जाईल असे मानले, तर निव्वळ खर्च ७३ भाग होतो. आपल्याला पेट्या तिथेही लागणारच आहेत. त्या धरून ८०.

जुनी गाडी ठेवली, तर न विकल्यामुळे हाती न आलेले २० भाग आधी खर्चात धरावे लागतात, हे बरेच जण विसरतात. त्यात दुरुस्तीचे २७, तीन वर्षांच्या देखभालीचे ९ आणि अचानक उद्भवणाऱ्या कामांचे १२ भाग मिळवले आणि शेवटी गाडीचे १० भाग आले असे धरले, तर निव्वळ खर्च ५८ भाग होतो. त्यावर आपली बदलांची यादी जशीच्या तशी चढवली, की आकडा थेट ८० वर जातो, कारण जुन्या गाडीचा गिऱ्हाईक आपल्या हौसेचे पैसे देत नाही. नवी गाडीही ८०, जुनीही ८०. जुनी गाडी ठेवण्यात जो फायदा होता तो सायलेन्सर, दिवे आणि काच यांनी खाल्ला. केवळ पेट्या आणि सीट ठेवली, तर जुनीचा खर्च ६७ वर थांबतो आणि १३ भागांचा फरक शिल्लक राहतो.

यातील ५५, १२ आणि १० हे माझे अंदाज आहेत. ते आपल्या माहितीप्रमाणे बदलून बेरीज पुन्हा करावी. अचानक कामांचे १२ भाग दुप्पट झाले, तर हा फरक जवळजवळ संपतो, हेही त्यात दिसेल.

कर्जाबाबत एक गोष्ट विचारून घ्या. आपल्याला सांगितलेला १० टक्के दर घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या रकमेवर आहे, की मूळ रकमेवर सरसकट, म्हणजे ज्याला फ्लॅट दर म्हणतात तसा? सरसकट असेल तर व्याज २४ भाग होईल, हप्ता २.८९ भाग होईल आणि खरा दर सुमारे १८ टक्के पडेल. तोंडी सांगितलेला दर ऐकून सही करू नये; हप्त्याला ३६ ने गुणून त्यातून ८० वजा करावे, खरे व्याज लगेच समजते.

आता बचतीविषयी. आपल्याकडे ४६ भाग आहेत आणि घरचा महिन्याचा खर्च १० भाग आहे. त्यातून ४९ भाग उचलायचे म्हणजे सगळी पुंजी रिकामी करून वरचे ३ भाग क्रेडिट कार्डावर टाकायचे. याला माझा स्पष्ट नकार आहे. तीन महिन्यांच्या खर्चाइतके ३० भाग आकस्मिक निधी म्हणून बाजूला राहिलेच पाहिजेत; गाडी बंद पडणे ही ज्या संकटांसाठी तो निधी असतो त्यांच्यापैकी सर्वांत किरकोळ गोष्ट आहे. म्हणून आज हाताशी १६ भाग आहेत असे समजावे, आणि त्यात काय बसते ते पाहावे.

टायर, चेन आणि ब्रेक हे ९ भाग आणि सस्पेन्शनचे, म्हणजे फोर्क आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे ६ भाग आज खर्च करावेत, याबद्दल मला शंका नाही, कारण गाडी थांबते आणि वळते ती यांच्या जोरावर. टायरची नक्षी अजून शाबूत आहे असे आपण लिहिले आहे. परंतु टायरच्या बाजूवर चार अंकांचा शिक्का असतो, त्यातले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात. ‘२३१७’ म्हणजे २०१७ चा २३ वा आठवडा. रबर वापराविनाही कडक होते, त्यामुळे दहा वर्षांचा टायर नक्षी कितीही चांगली असली तरी काढावा. डिस्क ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते आणि त्याने त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, म्हणून ते साधारण दर दोन वर्षांनी बदलायचे असते. हे काम स्वस्त आहे आणि नेमके तेच राहून जाते. चेन बदलताना दोन्ही स्प्रॉकेट, म्हणजे ती ज्यांवर फिरते ती दातेरी चाके, सोबत बदलावेत, झिजलेल्या दात्यांवर नवी चेन लवकर खराब होते. पुढे दर ५०० ते १,००० किलोमीटरला ती पुसून वंगण देण्याची सवय ठेवलीत, तर त्या एका सवयीचे पैसे वर्षअखेरीस मोजता येतील.

इंजिनाचे १२ भाग मात्र आज देऊ नका. मी मेकॅनिक नाही, पण ज्या बिलाचे निदान झालेले नाही ते बिल मंजूर करणे हिशेबनीसाच्या डोळ्यालाही खुपते. आपल्या पत्रात एक तपशील महत्त्वाचा आहे: धूर सकाळी पहिल्यांदा सुरू करताना येतो आणि थोड्या वेळाने थांबतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत व्हॉल्व्हच्या सीलमधून झिरपलेले तेल जळते तेव्हा बहुधा असे होते; पिस्टन रिंग झिजल्या असतील, तर धूर सहसा चालत्या गाडीत, जोर दिल्यावर दिसतो. दोन्ही कामांच्या खर्चात मोठे अंतर आहे. म्हणून कॉम्प्रेशन चाचणी करून घ्या: प्लगच्या जागी दाबमापक लावून आकडा लिहायचा, मग सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजायचे. पहिला आकडा कमी असून तेलाने तो बराच वाढला, तर रिंग किंवा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, झिजले आहेत. जवळपास तेवढाच कमी राहिला, तर व्हॉल्व्हकडे बघावे. पहिला आकडाच कंपनीने दिलेल्या मर्यादेत असेल, तर इंजिन खोलायची घाई कशासाठी? शिवाय दर १,००० किलोमीटरला किती तेल भरावे लागते ते तीन महिने लिहून ठेवा आणि पातळी किमान खुणेच्या खाली जाऊ देऊ नका.

निर्णयापूर्वी सुट्या भागांचीही चौकशी हवी. चेन, ब्रेक पॅड, प्रमाणित मापाचे बेअरिंग यांची चिंता नाही. बेअरिंगवर ६२०२ यासारखा क्रमांक कोरलेला असतो आणि त्या क्रमांकाचे बेअरिंग गाडीच्या कंपनीकडून घ्यावे लागत नाही. प्रश्न येतो तो केवळ त्या मॉडेलसाठी बनणाऱ्या भागांचा: स्टेटर (इंजिनावर वीज तयार करणारा भाग), सी.डी.आय. (ठिणगीची वेळ सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा), वायरिंगचा संच, कार्ब्युरेटरचा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा). या चारांपैकी दोन नवे मिळत नसतील, तर वरचा ५८ चा आकडा कागदावरच राहील आणि मग जुनी ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही.

बदलांच्या यादीतील पेट्या मी ठेवल्या, कारण त्या लांबच्या प्रवासात खऱ्या उपयोगी आहेत आणि पुढच्या गाडीवर नेता येतात. जोडणीचे स्टँड मात्र बदलावे लागतील. कापडी, सहज काढता येणाऱ्या पिशव्यांनी काम भागत असेल, तर ७ भागांचे काम त्याहून कमीत होईल. वजनाची मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते आणि तीत चालवणारा, मागे बसणारा व सामान असे सर्व धरलेले असते, हे पेट्या घेण्यापूर्वी वाचावे. सीटला माझी हरकत नाही. रोज वापरली जाणारी वस्तू आहे. काच आणि हँडल पुढच्या वर्षी, पैसे उरले तर.

दिवे आणि ग्रिप यांचा प्रश्न पैशांपेक्षा विजेचा आहे. २० वॅटचे दोन दिवे आणि ३५ वॅटच्या ग्रिप मिळून ७५ वॅट होतात, आणि जुन्या गाडीचा स्टेटर हेडलाइट, इग्निशन आणि बॅटरी सांभाळून एवढे जादा देऊ शकेलच असे नाही. गर्दीत इंजिन मंद चालत असताना तर मुळीच नाही. गाडी जरा वेगात चालवून बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसत नसतील, तर आधी चार्जिंगच दुरुस्त करावे लागेल. सर्व चालू करूनही व्होल्टेज टिकते असे मोजून दिसले, तरच त्या ४ भागांचा विचार करा.

सायलेन्सरचे ६ भाग मी सरळ खोडले आहेत. कार्ब्युरेटरच्या गाडीला मोकळा सायलेन्सर लावला, की बऱ्याचदा जेट, म्हणजे पेट्रोलचे प्रमाण ठरवणाऱ्या बारीक छिद्रांच्या नळ्याही बदलाव्या लागतात, आवाजाच्या नियमांचा प्रश्न येतो, आणि विकताना किंमत वाढण्याऐवजी घटते. मी स्वतः तरुणपणी हा उद्योग केला होता. गाडी घ्यायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ‘मूळचा सायलेन्सर कुठे आहे?’ हा होता, आणि तो मी भंगारात दिला होता. आपण जे काही काढाल ते गुंडाळून जपून ठेवा. आणि कोणताही बदल विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेल्या बदलावरून दावा अडला, तर वाचवलेले सगळे भाग एका दिवसात जातील.

नव्या गाडीच्या बाजूने एकच मुद्दा असा आहे की जो या बेरजेत बसत नाही: ए.बी.एस., म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक अडकून घसरू न देणारी यंत्रणा. ते जुन्या गाडीवर व्यवहार्य खर्चात बसवता येत नाही. आपले लांबचे प्रवास पावसात, रात्री किंवा मागे कोणाला बसवून होत असतील, तर १३ भागांचा फरक सोडून देऊन नवी गाडी घेणेही समंजसपणाचे ठरेल, आणि तसे ठरवलेत तर मी आपल्याला अडवणार नाही. प्रवास प्रामुख्याने दिवसाचे आणि एकट्याचे असतील, तर जुनी ठेवावी.

ठेवायची ठरली, तर नव्या गाडीसाठी आपण दरमहा २.५८ भाग भरायला तयार होताच. तेवढी रक्कम पुढच्या महिन्यापासून वेगळ्या खात्यात टाका. पाच महिन्यांत १२.९ भाग जमतील, म्हणजे चाचणीत इंजिनाचे काम खरोखर निघाले तरी ते कर्जाशिवाय होईल. तीन वर्षांत त्या खात्यात व्याज न धरता ९२.९ भाग पडतील. त्यातून इंजिन, पेट्या-सीट, देखभाल आणि अचानकची कामे मिळून ४२ भाग वजा झाले आणि आज बचतीतून काढलेले १५ भाग परत भरले, तरी सुमारे ३६ उरतात. जुनीचे १० मिळवून ४६. आजच्या भावाने नव्या गाडीची जवळपास निम्मी रक्कम तेव्हा हाती असेल.

थांबायचे कुठे, हेही आजच लिहून ठेवा, कारण एकदा पैसा ओतला की प्रत्येक पुढचे बिल ‘आता एवढे केलेच आहे तर’ म्हणत मंजूर होते. अचानकच्या कामांसाठी वर्षाला ४ भाग धरले आहेत. कोणत्याही बारा महिन्यांत तो खर्च ८ च्या वर गेला, किंवा सहा महिन्यांत गाडीने दोनदा वाटेत सोडले, किंवा चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, तडा दिसला, तर पुढचे बिल न भरता गाडी आहे त्या स्थितीत विकायची. या तीन अटी आपल्या देखभालीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि दुसऱ्या पानावर तारीख, किलोमीटर, काम आणि रक्कम असे चार रकाने आखून गॅरेजमध्ये जाताना ती वही सोबत न्या. पहिली नोंद कॉम्प्रेशन चाचणीच्या दोन आकड्यांची असू द्या.