गाडी नंतर, आधी क्लच प्लेट

छोट्या फॅमिली गाड्या परदेशात विकायच्या कशा, याबद्दल मागच्या वेळी लिहिलं आणि बरेच प्रश्न आले. मी १४ वर्षं छोट्या गाड्यांच्या एक्स्पोर्टचं काम केलंय, त्यातली बरीचशी पूर्व आफ्रिकेत, आता सोलापुरातच असतो, त्यामुळं जे डोळ्यांनी बघितलंय त्यावरूनच सांगतो.

प्रश्न (अक्कलकोट रोडवरून): माझे मामा मोंबासाला असतात. इकडच्या जुन्या ऑल्टो, वॅगनआर घेऊन तिकडं पाठवल्या तर धंदा होईल का? स्टेअरिंग दोन्हीकडं उजवीकडंच आहे.

स्टेअरिंगचं बरोबर आहे तुमचं, पण नुसतं तेवढ्यावर पैसे घालू नका. केनियात ८ वर्षांपेक्षा जुनी गाडी उतरवूनच घेत नाहीत, म्हणजे आपल्याकडं खरोखर स्वस्तात मिळणारी बारा-पंधरा वर्षांची गाडी तिथंच बाद झाली. राहिल्या त्यातल्या नव्या, आणि त्यांची गाठ पडते जपानच्या जुन्या गाड्यांशी. जपानमध्ये नवीन गाडीला ३ वर्षांनी आणि मग दर २ वर्षांनी 'शाकेन' नावाची तपासणी करावी लागते, ती खर्चिक असते, म्हणून लोक चांगली गाडी लवकर काढून टाकतात, मग ती लिलावातून जहाजानं थेट मोंबासाला. कमी चाललेली, एसी गार, बहुतेक वेळा ऑटोमॅटिक.

आणि मुख्य म्हणजे तिथल्या मेकॅनिकचा हात त्याच गाड्यांवर बसलाय. मी एकदा तिकडच्या एका लहान गावातल्या गॅरेजमध्ये उभा होतो, आमची गाडी आलेली, एअर फिल्टर काढला तर लाल मातीनं विटेसारखा झालेला. मेकॅनिकनं तो हातात धरून विचारलं, दुसरा कुठंय? माझ्याकडं उत्तर नव्हतं. शेजारच्या टपरीवर जपानी गाडीचे चार फिल्टर टांगलेले होते. त्या दिवसापासून मी प्रत्येक डीलरला सांगायचो, गाडी नंतर, आधी फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, सस्पेन्शनचे बुश यांचा स्टॉक भर. मामांना पार्टचं दुकान जमतंय का बघा, तेही तिथं ज्या गाड्या जास्त पळतात त्यांच्या पार्टचं. गाड्या पाठवण्यापेक्षा त्यात लई कमी धोका आहे.

प्रश्न (एमबीए करणारी विद्यार्थिनी, विजापूर रोड): टोयोटा अमेरिकेत पहिल्यांदा फेल गेली आणि फोक्सवॅगनची बीटल मात्र चालली, असं का? दोन्ही परदेशीच होत्या ना?

छान प्रश्न. टोयोटानं टोयोपेट क्राउन नेली, १९५८ मध्ये पूर्ण वर्षात २८७ विकल्या गेल्या. गाडी वाईट नव्हती ओ, पण ती बनवलेली जपानच्या तेव्हाच्या खडबडीत आणि हळू रस्त्यांसाठी. अमेरिकेतल्या हायवेवर स्पीडला घातली की दम लागायचा, गरम व्हायची. नंतर त्यांनी माघार घेतली, तिथल्या रस्त्याला मानवेल अशी कोरोना १९६५ मध्ये आणली आणि मग पाय रोवले.

बीटलकडं ताकद कमीच होती, पण फोक्सवॅगननं डीलरकडं पार्ट आणि शिकलेला मेकॅनिक असलाच पाहिजे असा आग्रह धरला. याच्या उलट फ्रान्सच्या रेनॉ कंपनीची डॉफिन गाडी बघ, १९५९ ला तिथं वर्षाला लाखाच्या आसपास गेली, आणि मग गंज आणि पार्टच्या बोंबेनं काही वर्षांत बाजारातून उठली. प्रोजेक्टमध्ये या तिन्ही शेजारी शेजारी मांड. आपल्याकडं सोलापुरात एखादा पार्ट नसला तरी पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं टाकला की सकाळी हातात असतो, म्हणून आपल्याला याची किंमत कळत नाही, तिकडं तोच पार्ट जहाजानं यायला आठवडे जातात आणि तेवढे दिवस माणूस गाडीचं नाव घेऊन सगळ्या नातेवाइकांत सांगत फिरतो.

प्रश्न (टॉवेलचे कारखानदार, एमआयडीसी): परदेशात शिरायचं तर सगळ्यात कमी किंमत लावणं हाच रस्ता ना?

शेठ, तुमच्याच धंद्यातलं सांगतो. पहिला कंटेनर स्वस्तात जातो, पण धुतल्यावर रंग गेला तर दुसरी ऑर्डर येते का? ह्युंदाईनं १९८६ मध्ये अमेरिकेत एक्सेल आणली, ४,९९५ डॉलरला, पहिल्याच वर्षी १,६८,८८२ गाड्या विकल्या. मग तक्रारी सुरू झाल्या आणि नाव खराब झालं. ते निस्तरायला १९९८ मध्ये इंजिन-गिअरबॉक्सवर १० वर्षं किंवा १ लाख मैलांची वॉरंटी द्यावी लागली. किंमत दार उघडते हे खरंय, पण वॉरंटी आणि सर्व्हिसचा खर्च किमतीत धरूनच रेट काढा, नंतर नको.

प्रश्न (एक आई, जुळे सोलापूर): मुलगा जपानहून परत येतोय, तिथली छोटी गाडी बरोबर आणू का विचारतोय.

ताई, नको म्हणा. ड्युटी आणि बाकीचे कर धरून किमतीच्या दुपटीच्या वर जातं, जुन्या गाडीला वयाचे नियम आहेत, आणि ६६० सीसीच्या त्या गाडीचे पार्ट इथं कुणाकडं मिळणार? तिथंच विकून येऊ दे.

प्रश्न (होटगी रोड): आपल्या इथं बनलेली गाडी जपानी माणूस घेतो का खरंच?

घेतो. मारुतीची बलेनो २०१६ मध्ये इथून जपानला गेली, विक्री मात्र फार नव्हती. २०२४ मध्ये गुजरातमध्ये बनलेली फ्रॉन्क्स गेली, आणि यात बघण्यासारखी गोष्ट अशी की जपानसाठी तिला फोर व्हील ड्राइव्ह दिलं, जे आपल्याकडच्या फ्रॉन्क्सला नाही, कारण तिकडं उत्तरेत बर्फ पडतो. मला यात फार समाधान वाटतं, कारण २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या धडकवून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या क्रॅश टेस्टमध्ये इथल्या ५ छोट्या गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेत शून्य स्टार मिळाले होते, तेव्हा परदेशी डीलरसमोर बसून सेफ्टीचा विषय निघाला की घशाला कोरड पडायची. आता ऑक्टोबर २०२३ पासून तशीच तपासणी करणारी आपली स्वतःची भारत एनकॅप आहे. तुम्ही नवीन गाडी घेणार असाल तर तिचे स्टार शोरूममध्ये विचारा, आणि कुठल्या मॉडेलचे, किती एअरबॅगवाल्या, हेही विचारा.