गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी नळाला खारट पाणी

प्रश्न : आमची कर्वेनगरला पाच मजली सोसायटी आहे. खाली कॉर्पोरेशनच्या लाइनवर एक डायरेक्ट नळ आहे, प्यायचं पाणी सगळे तिथूनच भरतात. गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारी सकाळी त्या नळाला आधी गढूळ आणि मग चक्क खारट पाणी येतं. बोअरची लाइन कॉर्पोरेशनच्या लाइनला जोडलेली आहे, मधे एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) आहे. प्लंबर म्हणतो एनआरव्ही आहे म्हटल्यावर बोअरचं पाणी उलटं जाणारच नाही. खरंय का हो?

उत्तर : नाही ताई. गढूळ आणि खारट या दोन वेगळ्या भानगडी आहेत. लाइन रिकामी होऊन परत भरली की पाइपातला गंज-गाळ सुटतो, तो थोडा वेळ येतो आणि जातो, पण खारट चव गंजाने येत नाही, कॉर्पोरेशनचं खडकवासला धरणाचं पाणी खारट नसतं, त्यामुळे माझा संशय सरळ बोअरवरच.

होतं काय, की पाणी टेरेसच्या टाकीत चढवायचं तर बोअरच्या मोटरला दीडएक किलोचं तरी प्रेशर लागतंच (दर दहा मीटर उंचीला साधारण एक किलो धरा), आणि गुरुवारी कॉर्पोरेशनच्या लाइनमध्ये प्रेशर शून्य. मधे उभी एक एनआरव्ही. तिच्या आतल्या झडपेखाली बोअरच्या वाळूचा एक कण अडकला किंवा क्षार साचले की ती नीट बसत नाही, आणि हे बाहेरून कुणाला कळतही नाही. वर हे पाणी तुमच्याच नळाला येऊन थांबेल असं नाही, लाइनमधून शेजारच्या सोसायटीतही जाऊ शकतं.

खात्री करायचीय? पुढच्या बंदच्या दिवशी डायरेक्ट नळ उघडा, त्यातलं उरलंसुरलं पाणी गळून थेंब थांबला की बोअरची मोटर चालू करा. धार लागली तर कमिटीच्या लोकांना तिथेच बोलावून दाखवा, मीटिंगमध्ये तासभर वाद घालण्यापेक्षा हे बरं.

नवी एनआरव्ही टाकून काही महिने बरे जातील, पण मी त्यावर पैसे घालणार नाही. दोन एनआरव्ही आणि मधे रिलीफ व्हॉल्व्ह (उलटं आलेलं पाणी बाहेर सोडून देणारा) असं तयार युनिटही मिळतं, ते चांगलं असतं पण नियमित तपासावं लागतं आणि आपल्या सोसायट्यांत ते कोण करणार! त्यापेक्षा जोडच तोडा, तोंडाला प्लग लावा, नुसता व्हॉल्व्ह बंद करून ठेवू नका, कुणीतरी कधीतरी तो उघडतोच. बोअरची लाइन वेगळी काढून थेट टाकीत सोडा.

आणि हो, टाकी भरतानाचा आवाज नको म्हणून कॉर्पोरेशनचा पाइप तळापर्यंत बुडवलाय का तेही बघा. लाइन रिकामी होताना तोच पाइप टाकीतलं पाणी उलटं ओढतो. पाइपाचं तोंड ओव्हरफ्लोच्या पातळीपेक्षा पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट तरी वर हवं, म्हणजे एक इंची पाइपाला दोन इंच. हवेतून पाणी उलटं चढत नाही, त्यात बिघडायला काही नाही आणि खर्च म्हणाल तर प्लंबरची मजुरी.

तोवर डायरेक्ट नळाचं पाणी उकळूनच प्या, उकळून जंतू मरतात, खारटपणा मात्र राहणार.