सरोवराकाठची लोहमळी

प्रश्न : आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवराच्या पश्चिम काठी प्राचीन काळी लोखंड गाळले जात असे, असे वाचले. लोखंड तर गंजून जाते. मग तेथे भट्ट्या होत्या हे कशावरून कळते? आणि त्या सरोवराकाठीच का?

उत्तर : भट्टीची जागा ओळखून देते ती लोखंड काढून झाल्यावर टाकून दिलेली मळी. लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस तापमान लागते. जुन्या भट्ट्यांना तेवढ्या उष्णतेची गरजच नव्हती. सुमारे १२०० अंशांवर खनिजातील माती-वाळूची मळी होऊन ओघळते आणि लोखंड सच्छिद्र गोळ्याच्या रूपात मागे राहते, जो पुढे ठोकून घट्ट करावा लागतो. या मळीतही पुष्कळ लोह अडकलेले असते, त्यामुळे तिचा काळसर तुकडा हातात घेतला की आकाराच्या मानाने चांगलाच जड लागतो. एका बाजूला मेण ओघळून गोठावे तशा वळ्या आणि फोडल्यावर आत बुडबुड्यांची भोके दिसतात.

टांझानियाच्या कागेरा प्रदेशात, कटुरुका येथे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच लोखंड गाळले जात होते. तेथील हाया समाजातील वृद्धांनी विसाव्या शतकात संशोधकांसमोर भट्टी पुन्हा लावून दाखवली. त्यांनी भट्टीखालचा खळगा दलदलीतील लव्हाळे जाळून त्याच्या कोळशाने भरला होता. अशा खळग्यात मळी उतरते तेव्हा तिच्यावर काड्यांचे ठसे उमटतात, आणि मला स्वतःला हा पुरावा फार मोलाचा वाटतो. कारण कालमापनासाठी मोठ्या झाडाचा कोळसा घेतला, तर झाडाच्या गाभ्याचे वय भट्टीच्या वयात मिसळून ती आहे त्याहून जुनी ठरू शकते. लव्हाळ्याचे आयुष्यच थोडे, त्यामुळे ही चूक टळते.

काठाचे महत्त्वही यातच आहे, कारण ओलसर जमिनीत लव्हाळे मिळतात. अर्थात खनिज आणि कोळशासाठीचे जंगलही जवळ हवेच. स्वीडन व फिनलंडमध्ये तर सरोवराच्या तळाशीच लोहखनिज साचते आणि तेच काढून वापरले जाई.

मात्र मळीच्या एखाद्या तुकड्यावर निष्कर्ष काढणे योग्य नाही, कारण लोहाराच्या कामातूनही मळी पडते. भाजलेल्या मातीचा खळगा आणि भात्याची हवा आत नेणाऱ्या, टोकाला काचेसारख्या वितळलेल्या मातीच्या नळ्या मळीसोबत त्याच जागी सापडल्या, तरच तेथे भट्टी होती असे खात्रीने म्हणता येते.